हेल्वीच्या गटातली गर्दी

हेल्वी पेसोनेनची आणि माझी खरी ओळख भांडणातून झाली, आणि ते भांडण एका मांजराच्या फोटोवरून झालं.

शेजारी आम्ही त्याआधी अकरा वर्षं होतो. पण आमच्याकडे शेजार म्हणजे ओळख नव्हे. हिवाळ्यात दारातला बर्फ लोटताना एकमेकींकडे बघून मान हलवायची, जूनमध्ये 'यंदा डास फार आहेत' म्हणायचं, संपलं. ती गावच्या शाळेत मुख्य स्वयंपाकीण होती, अडतीस वर्षं. गावातल्या चाळिशीच्या आतल्या प्रत्येक माणसानं दर गुरुवारी तिच्या हातचं वाटाण्याचं सूप प्यायलंय आणि ताटात काही टाकलं म्हणून तिच्या वर गेलेल्या भुवया पाहिल्यात. आमचा बँक मॅनेजर अजूनही तिच्यासमोर बटाटा संपवूनच उठतो.

निवृत्त झाल्यावर तिनं आईचा हातमाग गोठ्याच्या माळ्यावरून खाली काढला. लाकडाचे सुटे चौतीस भाग, दोन पोती दोऱ्या, आणि कुठला तुकडा कुठे बसतो हे सांगायला कुणी नाही. आई जाऊन वीस वर्षं झालेली. तेव्हा हेल्वीनं इंटरनेटवर एक गट काढला. नाव ठेवलं 'चिंध्यांच्या सतरंज्या आणि त्यांचे माग'. त्यात एकेका लाकडाचा फोटो टाकून तिनं विचारलं, हे काय आहे? पंधरा दिवसांत माग उभा राहिला आणि त्याच्याबरोबर गटही.

मी त्यात गेले ती एक जुनी सतरंजी घेऊन. बाजारात मिळाली होती, निळ्या-पिवळ्या पट्ट्यांची. फोटो काढला तेव्हा माझा बोका तिच्यावर पसरला होता. छान दिसत होता, म्हणून तसाच टाकला. दहा मिनिटांत हेल्वीचं उत्तर आलं.

"हे मांजर कुठल्या मागावर विणलंय?"

मी लिहिलं, सतरंजीकडे बघा ना. ती म्हणाली, "सतरंजी मांजराखाली आहे. मांजर उठलं की पुन्हा टाक." आणि फोटो काढून टाकला.

मी चपला घातल्या आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तिचं दार वाजवलं.

"फोटो का काढून टाकलास?"

"सांगितलं की. मांजर होतं."

"दोनशे माणसांत एका मांजरानं काय बिघडतं?"

"एका मांजरानं काहीच नाही. पण उद्या दुसरी बाई कुत्रा आणेल, परवा तिसरी नातवंडं आणेल. मग कडा कशी सरळ येते हे विचारायला आलेल्या माणसानं काय नातवंडांकडे बघायचं?" ती दारातून बाजूला झाली. "कॉफी घेणार का? आत्ताच केलीय."

कॉफी घेतली. बरोबर पुल्ला, म्हणजे वेलची घातलेला गोड पावही होता, तो इतका मऊ होता की रागावून राहणं अवघड गेलं. निघताना मी त्या गटाची दुसरी ॲडमिन झाले होते. कारण विचारलं तर म्हणाली, "तू ग्रंथालयात होतीस. तुला शुद्धलेखन येतं, आणि लोकांना गप्प करायचीही सवय आहे."

तेव्हा गटात दोनशे बारा माणसं होती, आणि हेल्वीला ती सगळी ठाऊक होती. म्हणजे कोण कुठे राहतं, कुणाचा मुलगा कुठे, असलं काही नाही. ते तिनं कधी विचारलं नाही. पण कुणाच्या मागाची पायानं दाबायची डावी पावडी अडकते, कोण ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, मासेमारीचा सुती दोरा वापरतं, कोण फार घट्ट ठोकतं, हे तिला पाठ होतं. कुणी विचारलं, माझ्या सतरंजीची कड आत का ओढली जाते, की ती म्हणायची, "चिंधी सरळ घालतेस. तिरकी घाल, मग ठोक. मागच्या वर्षी वैनोलाही हेच सांगितलं होतं." वैनो हा सत्तरी ओलांडलेला सुतार, तळ्याच्या पलीकडे राहणारा. तो लिहायचा, "हो, सांगितलं होतं." बस, विषय संपला. विषय असा संपतो हे मी तोवर इंटरनेटवर कुठे पाहिलं नव्हतं.

आता उर्होबद्दल सांगायला हवं.

उर्हो उत्तरेला, आमच्यापासून तीनेक तासांवर, जंगलाच्या कडेला राहतो. त्यानं लिहिलं ते असं: 'बायको सायमी मार्चमध्ये गेली. मागावर तिची अर्धी सतरंजी आहे. मला विणता येत नाही. पुढे काय करायचं?' सोबत एक फोटो, जरा हललेला.

'वाईट वाटलं' असं एक-दोघांनीच लिहिलं. बाकी सगळे त्या फोटोला भिडले. सायमीच्या पट्ट्यांचा क्रम कुठे लिहिलेला नव्हता, तो तिच्या डोक्यात होता. हेल्वीनं उर्होला सांगितलं, उजेडात फोटो काढ, आणि विणलेला भाग खालच्या रुळावर गुंडाळलाय तोही उलगडून काढ. मग आमच्यातल्या तीन बायका पट्ट्या मोजत बसल्या. तांबडी तीन ओळी, राखाडी सात, मधे एक पांढरी. एकीच्या लक्षात आलं की पांढरी चादरीची आहे आणि राखाडी पुरुषाच्या कामाच्या पँटची. "ती माझी," उर्होनं लिहिलं. संध्याकाळच्या जेवणापर्यंत त्याला क्रम मिळाला, पावडी कुठली कधी दाबायची ते मिळालं, आणि वैनोनं धोटा कसा टाकायचा याचं एक चित्रही काढून पाठवलं, ज्यातला हात बटाट्यासारखा दिसत होता. सतरंजी पुरी व्हायला उर्होला सात आठवडे लागले. त्यानं फोटो टाकला, खाली लिहिलं, 'झाली'. ताणा अजून शिल्लक होता, सायमीनं आणखी दोन सतरंज्यांचा घातला होता. तो पुढे विणू लागला.

त्याच उन्हाळ्यात हेल्वी टीव्हीवर आली.

तळ्याकाठच्या धक्क्यावर आम्ही सतरंज्या धूत होतो. एका सकाळच्या कार्यक्रमाची माणसं कॅमेरा घेऊन आली. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात ब्रश आणि पाइनचा साबण अशा अवस्थेत हेल्वीला त्यांनी विचारलं, हे विणायला शिकायचं कुठे? हेल्वीनं गटाचं नाव सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, अक्षरं सुटी सुटी करून दोनदा सांगितलं. पुढे ती कायम म्हणत आली की मी सहज बोलून गेले. मी शेजारीच बादली धरून उभी होते, त्यामुळे सहज किती ते मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडून आवाज आला, "रित्वा, बाराशे."

त्याच्या दुसऱ्या दिवशी, "रित्वा, चार हजार."

आठवड्यानं ती नुसता आकडाच म्हणायला लागली, हवामान सांगावं तसा. 'नऊ.' 'साडेअकरा.' जी बाई सूपसुद्धा न मोजता अडतीस वर्षं रांधत होती, ती आता उठल्याबरोबर चष्मा शोधायची. नवा चष्माही केला. ऑगस्टमध्ये वीस हजार झाले त्या दिवशी तिनं दोन घाणे पुल्ला भाजला आणि एक अख्खा मला दिला.

"दारात तपासणी कमी करू या," ती म्हणाली. "एवढी माणसं आपणहून येतायत, त्यांना उंबऱ्यावरच कशाला टोकायचं?"

"आणि मांजरं?"

"एखादं चालेल."

एखादं कुठलं. पहिल्या आठवड्यात मांजरं आली, मागोमाग विणकामाच्या सुया आल्या, मग क्रोशे. एकानं जुना फ्रीज विकायला काढला, त्यावर सतरंजी अंथरली होती म्हणे. कड आत का ओढली जाते हा प्रश्न आठवड्यातून चाळीसदा यायला लागला, कारण वर काय लिहिलंय ते वाचायला वर जायलाच कुणी तयार नव्हतं. आधी लोक हौसेनं उत्तरं देत. मग जुनी माणसं थकली आणि नव्यांनीच नव्यांना उत्तरं द्यायला सुरुवात केली. ती उत्तरं आत्मविश्वासानं भरलेली असत.

आणि मग साबणाचं भांडण. तळ्यात सतरंजी धुवावी की नाही? साबणानं तळं खराब होतं, म्हणून काठावर, जमिनीवरच्या हौदात धुवावी, असं एक बाजू म्हणे. आमच्या आज्या तळ्यात धूत आल्या, असं दुसरी म्हणे. खरं तर आमच्या धक्क्यावरचं पाणी कित्येक वर्षांपासून गाळूनच सोडतात, भांडायला काही उरलंच नव्हतं. तरी ते सहा आठवडे चाललं. त्यात शहर विरुद्ध खेडं आलं, तरुण विरुद्ध म्हातारे आले, आणि एका टप्प्यावर दक्षिणेतल्या एका माणसानं हेल्वीला 'सतरंजीसम्राज्ञी' म्हटलं. तिला आतून ते आवडलं, असं मला वाटतं. पण तिनं त्याला काढून टाकलं, मग त्याच्या बाजूनं दोनशे माणसं उभी राहिली.

आम्ही दोघींनी मग नियम केले. आधी एकच नियम होता: सतरंज्या आणि माग. आता सत्तावीस झाले. सत्तावीसही मीच लिहिले, त्यामुळे त्यांचं शुद्धलेखन उत्तम होतं. ते कुणी वाचले नाहीत. मग हेल्वीनं आणखी नऊ ॲडमिन नेमले. एकूण अकरा. सप्टेंबरमधल्या एका शनिवारी तिनं सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं, वाफाळता सॅमन माशाचा रस्सा केला. अकरातले चार एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणून कोण कुठे बसेल याची यादी मला करावी लागली. एकजण दर पाच मिनिटांनी फोन बघून म्हणायचा, "ह्याला काढू का?" आणि दुसरी म्हणायची, "मी त्याला काल परत घेतलाय."

त्या टेबलावर आनंदात अशी एकच बाई होती, मिर्वा. शेजारच्या गावात तिचं केस कापायचं दुकान आहे. तिनं रस्सा दोनदा घेतला.

"तुला वैताग येत नाही?" हेल्वीनं तिला विचारलं.

"माझ्या दुकानात चार खुर्च्यांवर दिवसभर चार विषय चालतात, हेल्वी. सगळं शांत झालं की मला वाटतं, कुणाचा कान कापला की काय."

हेल्वी हसली नाही. तेव्हा सभासद एकतीस हजार होते, आणि तिनं कुंपणापलीकडून आकडा सांगणं बंद केल्याला आठवडा झाला होता.

ऑक्टोबरमध्ये वैनोचा फोन आला. मी तिच्या स्वयंपाकघरातच होते.

"हेल्वी, तू उर्होचं पाहिलंस?"

"कुठलं?"

"तीन आठवडे झाले त्याला. मी लिहिलं होतं त्याच्याखाली. मला वाटलं तू बघशील."

आम्ही शोधायला बसलो. उर्होचा तो प्रश्न सापडायला पाऊण तास लागला. त्यानं लिहिलं होतं की ताणा सैल पडतोय, मागचा रूळ आपोआप फिरतो, काय करू? खाली शेहेचाळीस उत्तरं होती. बाविसांनी नुसतं बदामाचं चिन्ह टाकलं होतं. एकीनं स्वतःच्या मांजराचा फोटो. सगळ्यात वर, साडेसहाशे माणसांनी पसंत केलेलं उत्तर होतं: 'सरळ कापून काढा आणि नव्यानं सुरुवात करा. आयुष्य छोटं आहे.' हे लिहिणाऱ्या बाईकडे माग नव्हता, हे तिनंच दुसरीकडे कुठेतरी सांगितलेलं मला आठवत होतं. बराच खाली वैनो होता, अडतिसावा. 'कापू नका. चाकाचा दात तुटलाय. मागच्या रुळाला दोरी गुंडाळून दगड लोंबता ठेवा, विणून होईल. चाक मी करून देतो.' त्याला कुणीच काही म्हटलं नव्हतं.

त्याच्याही खाली उर्हो होता. 'धन्यवाद. कापलं. आता सगळे धागे निसटून मागे गेले.'

त्यावर कुणीतरी हसरा चेहरा ठेवला होता. चुकून असेल. त्यावरून मग दोघांचं भांडण झालं होतं, उर्होशी कुणीच बोललं नव्हतं.

हेल्वी उठली आणि ओट्यावरचे धुतलेले कप परत धुवायला लागली.

"मी कुठे होते त्या दिवशी?"

मी बघितलं. "साबणात. त्या दिवशी तू त्र्याण्णव उत्तरं काढून टाकलीस."

तिनं नळ बंद केला. "वैनोला सांग, चाक करायला घे."

आम्ही तिघं रविवारी माझ्या गाडीतून गेलो. वैनोनं मांडीवर बर्चच्या लाकडाचं दातेरी चाक घेतलं होतं, फडक्यात गुंडाळून, अंडं धरावं तसं. हेल्वीनं भाताच्या पुऱ्यांचे, म्हणजे आमच्याकडे राय नावाच्या धान्याच्या पिठात भात भरून भाजतात त्या, तीन डबे घेतले होते. मी म्हटलं, तो एकटा माणूस आहे. म्हणाली, "म्हणूनच."

उर्होनं दार उघडलं. आम्हाला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. हेल्वी म्हणाली, "मी हेल्वी. हा वैनो. ही शुद्धलेखनवाली."

"या," तो म्हणाला. "कॉफी आहे."

माग खिडकीशी होता. मागाच्या दोऱ्यांतल्या ज्या डोळ्यांतून आणि फणीतून ताण्याचे धागे ओवलेले असायला हवेत, ते रिकामे होते. दोनशे दहा धागे मागच्या रुळाखाली जमिनीवर गोळा होऊन पडले होते. वैनो चाक बसवायला वाकला. हेल्वीनं बाही वर केली, मी मागे बसून एकेक धागा सोडवून तिच्या हातात द्यायला लागले, आणि ती तो आधी त्याच्या डोळ्यातून, मग फणीतून ओवायला लागली. उर्हो कॉफीचे कप घेऊन उभा राहिला.  

शंभराच्या आसपास हेल्वी म्हणाली, "मी तुझा प्रश्न पाहिला नाही."

"एवढ्या लोकांत कोण पाहणार."

"मी पाहायला हवा होता. ती जागा माझी आहे."

"कात्री माझ्या हातात होती," उर्हो म्हणाला. मग कप खिडकीत ठेवून म्हणाला, "सायमीनं ओवले होते ते."

"माहितीय," हेल्वी म्हणाली, आणि पुढचा धागा मागितला.

अंधार पडायच्या आत काम झालं. उर्होनं चार ओळी विणून बघितल्या. कड सरळ आली. निघताना त्यानं हेल्वीला विचारलं, "पुन्हा काही अडलं तर? त्या गटात मी येणार नाही आता."

"मीही नाही," हेल्वी म्हणाली. तोंडातून निघेपर्यंत हे तिलाही माहीत नव्हतं, असं तिनं मला नंतर सांगितलं.

परतीच्या वाटेवर ती बोलत होती. इतकं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "माझ्या शाळेत आधी एकशे चाळीस पोरं होती. कुणाला मासे चालत नाहीत, कोण घरून उपाशी येतं, मला ताट हातात घेतानाच कळायचं. मग तीन शाळा एकत्र केल्या. सहाशे झाली. तीच पोरं, रित्वा, वाईट नव्हती. पण मला त्यांच्या छातीवर नावाच्या चिठ्ठ्या लावायला लागल्या, आणि पहिल्याच महिन्यात मी शेंगदाणे न चालणाऱ्या पोराला शेंगदाण्याचा केक दिला."

"मग?"

"सुजलं. वाचलं. आता दाढी ठेवतो." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "मी तेव्हा दोन स्वयंपाकघरं केली. मुख्याध्यापक म्हणाले, खर्च वाढतो. मी म्हटलं, वाढू दे."

मागच्या सीटवर वैनो झोपला होता.

पुढच्याच आठवड्यात हेल्वीनं मिर्वाला फोन करून सगळा गट तिच्या हवाली केला. मिर्वानं आधी नाव बदललं: 'सतरंजी आणि सगळं'. सत्तावीस नियम काढून तीन ठेवले. मांजरांना मंगळवार दिला, विकायच्या वस्तूंना वेगळा कोपरा दिला, आणि साबणावर बोलायला बंदी घातली. मला वाटलं होतं, दोन महिन्यांत बोजवारा उडेल. उडाला नाही. लोकांना तिथे बसायला आवडतं. कुणीतरी दिवसभर घरात एकटं असतं, ते सकाळी सतरंजीचा फोटो टाकतं आणि दुपारपर्यंत त्याच्याशी तीनशे माणसं बोलतात. विणायचं कसं हे तिथे कुणी शिकत नाही, पण त्यासाठी तिथे कुणी जातही नाही. जानेवारीत पूर्वेकडच्या एका वृद्धाश्रमात पाइप फुटून सगळी जमीन खराब झाली, तेव्हा मिर्वानं तिथे एकदा लिहिलं आणि आठवड्यात चारशे सतरंज्या जमल्या. मी हे हेल्वीला मुद्दाम वाचून दाखवलं.

"चारशे?" ती म्हणाली. आणि जरा वेळानं, "कडा सरळ होत्या का?"

तिनं स्वतःचा नवा गट काढला, आणि यावेळी चूक करायचीच नाही असं ठरवून दुसरी चूक केली. आत यायला माग सत्तर वर्षांहून जुना हवा, चार पावड्यांचाच हवा, मागाचा फोटो हवा, आणि वर पाच प्रश्नांची परीक्षा. परीक्षा मीच छापून दिली. मीच नापास झाले. तिनं मला शुद्धलेखनाच्या जागेवर आत घेतलं. एकूण एकोणीस माणसं झाली, सगळी तयार, सगळी जाणती. कुणालाच काही अडत नव्हतं, म्हणून कुणीच काही विचारत नव्हतं. उर्होला वैनोनं आत आणलं होतं. तो तेवढा एकदा दोऱ्याबद्दल काही विचारून गेला. मग चोवीस दिवस एक शब्द नाही. पंचविसाव्या दिवशी वैनोनं लिहिलं, 'सगळे बरे आहात ना?' त्यावर सतरा उत्तरं आली. सगळ्यांत 'हो' एवढंच होतं.

मी तिच्याकडे गेले. ती विणत होती, समाधानानं.

"किती शांत आहे," ती म्हणाली.

"शांत नाही, हेल्वी. गेलंय ते."

"भांडण तरी नाही."

"कबरस्तानातही नसतं."

तिनं पावडीवरचा पाय काढला. माझ्यावर ती दोन दिवस रागावून होती. हे मला कळलं, कारण दोन दिवस कॉफीला बोलावलं नाही. तिसऱ्या दिवशी बोलावलं तेव्हा टेबलावर परीक्षेचे कागद पालथे पडले होते आणि त्यांच्या पाठीवर तिनं बाजाराची यादी केली होती.

"ज्यांना येत नाही त्यांना घ्यायला पाहिजे," ती म्हणाली, जणू मीच इतके दिवस नको म्हणत होते. "पण एकदम नाही. आठवड्याला पाच. नव्या माणसाला विचारायचं, तुला काय विणायचंय आणि अडलंय कुठे. ज्याला अडलंय त्याला आत घ्यायचं. आणि त्याला उत्तर मिळाल्याशिवाय पुढचे पाच घ्यायचे नाहीत."

"आणि नव्या मागांचं काय?"

"माग तो माग."

तेव्हापासून दीड वर्ष झालं. आज आत तीनशे साठ माणसं आहेत. मिर्वा तिच्याकडे येणाऱ्या गर्दीतून ज्याला खरंच विणायचं आहे त्याला आमच्याकडे पाठवते, आणि ज्याला बोलायला माणूस हवंय त्याला आम्ही तिच्याकडे. उर्होच्या सायमीचा ताणा मागच्या वसंतात संपला. त्यानं पुढचा ताणा स्वतः घातला आणि लगेच दोन नवशिक्यांना तो कसा घालू नये हे सांगितलं, कारण त्याचा पहिल्यांदा गुंता झाला होता. हेल्वीचं म्हणणं, चारशे झाले की ती दार लोटणार. मी विचारलं, मग चारशे एकाव्याचं काय? ती म्हणाली, त्याचा विचार चालू आहे.

चारशे एकावा यायच्या आधीच सोल्वेग आली. ती पश्चिम किनाऱ्यावरची, स्वीडिश बोलणारी, शाळेत गणित शिकवते. तिला सतरंज्या नको होत्या. तिला बोटभर रुंदीचे पट्टे विणायचे होते, जुन्या पोशाखाला लागतात तसले. तिनं आमच्यात तीन प्रश्न विचारले. तिन्हींना उत्तरं आली, ती सगळी सतरंज्यांची होती.

हेल्वीनं तिला फोन केला. मी समोर बसले होते. मला वाटलं, आता मांजरासारखं तिलाही काढून टाकणार.

"सोल्वेग, तुला पट्टे विणणारी आणखी कुणी माहीत आहेत?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"सहा? सहा पुष्कळ झाली. वेगळा गट काढ. नाही, आमच्यात कोपरा देणार नाही, कोपऱ्यात तू कुणाला दिसणार? तुझा तू काढ. नियम किती? एक. नाही, एकच. माझ्या मैत्रिणीनं सत्तावीस लिहिले होते, ते चुलीत गेले."

सोल्वेगनं गट काढला. दुसऱ्या दिवशी हेल्वी त्यात गेली, दुसरी सभासद म्हणून. सध्या तिथे पंचवीस-तीस माणसं आहेत. पट्ट्यांतलं हेल्वीला ओ की ठो कळत नाही, आणि तिनं सोल्वेगला शब्द दिलाय की जे येत नाही त्यावर ती काही लिहिणार नाही. ती रोज सकाळी चष्मा लावून ते सगळं वाचते. लिहीत नाही. तिला हे किती जड जातं ते मला कुंपणापलीकडून दिसतं.